दारासमोरचा खांब

खांबानं उडी मारली. म्हणजे पडद्यावर तो आपला जुन्या इमारतीच्या दारासमोर निमूट उभा होता, वर्षानुवर्षं उभा होता, आणि एका क्षणी टुणकन उजवीकडे जाऊन पुन्हा तितक्याच साळसूदपणे उभा राहिला. फिल्मवाल्या बाईंनी चित्र थांबवलं, मागे नेलं, पुन्हा सोडलं. पुन्हा उडी. "इथे झटका बसतोय," त्या म्हणाल्या आणि चष्मा कपाळावर चढवून फोटोग्राफरकडे बघू लागल्या. विद्यापीठाच्या प्रसिद्धी विभागाची ती खोली चिंचोळी होती, एसीचं पाणी कोपऱ्यातल्या बादलीत टपटपत होतं, आणि तो त्यांच्या शेजारी खुर्चीत पुढे सरकून बसला होता, मुलाचं प्रगतिपुस्तक बघायला आलेल्या बापासारखा. एवढा वेळ नुसतं कौतुक ऐकलं होतं. "कंत्राटदारानं खांब हलवला असणार," तो म्हणाला, "कामाच्या वेळी असले खांब हलवतातच." बाईंनी मान डोलावली. मग पेन्सिलीच्या टोकानं पडद्याची कड दाखवली. "आणि हे झाड? तेही सरकलंय. हा तुम्ही उभे होतात त्या गच्चीच्या कठड्याचा कोपरा बघा, तोही. सगळं एकाच आठवड्यात हलवलं का हो त्यांनी?" त्या टोमणा मारत नव्हत्या, टोमणा असता तर उत्तर देता आलं असतं. "इमारत मात्र जागच्या जागी आहे. जवळचं तेवढं हललंय. असं कधी होतं ते तुम्हाला मी काय सांगायचं." नव्हतंच सांगायचं. कॅमेरा हातात धरल्याच्या पहिल्या महिन्यात कुणालाही कळतं ते. जवळचं हललं आणि लांबचं हललं नाही, तर हललेला असतो तो बघणारा.

पण तो हलला नव्हता. हीच तर त्याची सगळी कमाई होती. रसायनशास्त्राची जुनी दगडी इमारत पाडून तिथे नवी, काचेची, उंच इमारत बांधायचं ठरलं तेव्हा त्या वेळच्या कुलगुरूंनी विद्यापीठाचा फोटोग्राफर म्हणून त्याला बोलावून सांगितलं होतं, पाडण्याआधी दोन फोटो काढा आणि बांधून झाल्यावर दोन. त्यांनी चार फोटो सांगितले, यानं त्या इमारतीशी लग्नच लावलं. समोरच्या ग्रंथालयाच्या गच्चीवर जाऊन त्यानं एक जागा निवडली, कॅमेऱ्याच्या स्टँडचे तीन पाय जिथे टेकतील तिथे छिन्नीनं तीन खळगे पाडले, त्यात पांढरा रंग भरला, आणि दर शुक्रवारी सकाळी, ऊन इमारतीच्या पायऱ्यांपर्यंत उतरलं की, तिथून एक फोटो. लेन्स तीच, उंची तीच. माणसं मात्र चालायची नाहीत. फोटो इमारतीचा आहे, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा नाही, असं तो म्हणे, आणि शेवटचा विद्यार्थी फ्रेमच्या बाहेर जाईपर्यंत एक पाय कठड्यावर टेकून, मान पुढे काढून थांबून राही. मुलांनी त्याचं नाव बगळा ठेवलं. प्राध्यापकही मागे बगळाच म्हणत. त्याला राग आला नाही. बगळ्याचं निदान ध्यान तरी लागतं, तो म्हणे, तुमचं लेक्चरमध्ये लागतं का बघा. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, इथे त्या सहा महिन्यांची वर्षं झाली. निधी संपला, कंत्राटदार बदलला, कुणीतरी कोर्टात गेलं, एक अख्खं वर्ष तिथे नुसता खड्डा होता आणि खड्ड्यात हिरवं पाणी. कुलगुरू आले आणि गेले. त्याचे केस पिकले. इमारत जमिनीशी गेली आणि दुसरी उभी राहिली. आणि एवढ्या सगळ्या उलथापालथीत तीन पांढऱ्या ठिपक्यांवर तो उभाच. आता उद्घाटनाला त्या सगळ्या शुक्रवारांची मिळून एक छोटी फिल्म दाखवायची होती, नव्या इमारतीच्या प्रवेशदारात पितळी पाटी लागायची होती, आणि पाटीवर त्याच्या नावाखाली शब्द ठरले होते, 'एकाच जागेवरून'. कुलसचिवांनी त्याला मसुदा दाखवला तेव्हा तो नुसतं "ठीक आहे" म्हणाला होता आणि मग जिन्यात थांबून रुमालानं डोळे पुसले होते.

त्याचं कारण जुनं होतं. वडिलांची नोकरी बदलीची. एका घरात भिंतीवरचे डाग ओळखीचे होत आले की दारात ट्रक उभा. नवी शाळा, नवा बाक, नवी टोपणनावं. प्रत्येक नव्या घरात आई सर्वात आधी आरशाचा खिळा ठोकायची. आरसा भिंतीला टेकवून ती त्याला लांब उभा करी आणि विचारी, "इथे?" तो म्हणे, अजून थोडा डावीकडे. ती म्हणे, बरं, आणि तिला हवा तिथेच खिळा ठोकी. तरी दर घरात विचारायची. दर वेळी त्याला वाटे, आता हा खिळा कायमचा. नंतर ट्रकात सामान चढताना तो त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत राही. खिळा राहायचा आणि आपण जायचो, हे काही बरोबर नाही, उलटं असायला हवं, असं त्याला फार लहानपणी वाटलं होतं आणि मोठेपणी ते वाटणं कुठे गेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तो घरी चालत निघाला. रस्त्यावरचे खांब त्याच्याकडे बघत होते. चौकात थांबून त्यानं अंगठा समोर धरला, एक डोळा मिटला, मग तो उघडून दुसरा मिटला. अंगठा समोरच्या दुकानाच्या पाटीवरून टुणकन बाजूला गेला. पुन्हा केलं. पुन्हा टुणकन. एक टॅक्सी येऊन थांबली आणि ड्रायव्हर म्हणाला, "कुठे सोडू?" तो ओशाळून "कुठेच नाही" म्हणाला, आणि टॅक्सीवाला पुटपुटत निघून गेला. पायांखालची फरशी त्याला जरा सैल वाटत होती. बोटीतून उतरल्यावर जमीन हलते म्हणतात तसं. डोक्यात सारखं एकच येत होतं. उडी कुठल्या आठवड्यातली, ते बाईंनी सांगितलं होतं, आणि तो आठवडा म्हणजे त्याच्या काविळीचा. तेव्हा तो अंथरुणाला खिळला होता, डोळे हळदीसारखे, अन्नाचा वास आला तरी मळमळायचं. घरात पडल्या पडल्या तो शुक्रवार मोजायचा. विभागातल्या शिपायाला, सगळे ज्याला मामा म्हणत त्याला, बोलावून त्यानं कॅमेरा आणि स्टँड सोपवलं होतं आणि तासभर शिकवलं होतं, पाय खळग्यात, हे चाक इथवर, हे बटण, बास. मामानं मान डोलावली होती. बरा होऊन परत गेला तेव्हा गच्चीला गळती म्हणून डांबर फासलेलं होतं, खळगे त्याखाली गेले होते, पण त्यांच्या जागी नव्या ताज्या लाल रंगाच्या तीन खुणा केलेल्या होत्या. त्याला मामाचं कौतुक वाटलं होतं. मधल्या काही फोटोंत माणसं आली होती, छत्री उघडणारा वॉचमन, बुटाची नाडी बांधणारी एक मुलगी, एक कुत्रं. "मामा, माणसं जाऊ द्यायची ना," एवढंच तो म्हणाला होता, आणि लाल खुणांवर स्टँड रोवून पुढच्या शुक्रवारपासून पुन्हा बगळा झाला होता. इमारतीला तेव्हा पत्रे ठोकलेले होते, दार पत्र्यांआड होतं. पत्रे निघाले तेव्हा खांब दारासमोर नव्हता, बाजूला होता. आणि त्याला काय वाटलं? खांब हलवला असेल. तो स्वतः हलला नव्हता ना, मग हललाच असणार खांब. इतकं सोपं होतं ते की त्याचा विचारही करावा लागला नव्हता.

म्हणजे मामा. दुसऱ्या दिवशी त्यानं मामाला सायकल स्टँडपाशी गाठलं. मामा निवृत्त होऊन कंत्राटावर तिथे बसत असे, खुर्चीच्या पाठीला टॉवेल टाकून. "मामा, माझ्या काविळीत तुम्ही खुणा कुठे केल्या होत्यात? खळग्यांवरच केल्या ना?" आवाज चढला होता ते त्याला कळलं, दोन मुलांनी वळून बघितलं. मामा उठायला गेला आणि अर्ध्यात पुन्हा बसला. "कसल्या खुणा?" "गच्चीवरच्या. लाल." "साहेब, मी गच्चीवर गेलो कधी? माझे गुडघे तेव्हाच कामातून गेलेले. तुमच्या घरून निघालो, खाली तुमच्या मंडळी भेटल्या, भाजी घेऊन येत होत्या. त्यांना म्हटलं, वहिनी, साहेबांना नाही म्हणवेना, पण हे तीन मजले माझ्याच्यानं व्हायचे नाहीत. त्या म्हणाल्या, द्या इकडे. चाक, बटण तेवढं मी दाखवलं त्यांना. आणि त्यांना सांगू नका." मामानं टॉवेल काढून तोंड पुसलं. "मग मी कशाला सांगू? मला वाटलं, नंतर त्यांनी सांगितलं असेल. नवराबायकोत मी कोण पडणार?"

तो तसाच ग्रंथालयाच्या गच्चीवर गेला. लाल खुणा त्याच्या रोजच्या ओळखीच्या होत्या, उन्हानं विटलेल्या, कडा उडालेल्या, त्यानंच दोनदा त्यावर कडेकडेनं ब्रश फिरवला होता. आज तो उकिडवा बसला आणि बघत राहिला. कडेच्या पापुद्र्याखालून मूळचा रंग दिसत होता. विटकरी लाल, जरा काळपट. तो रंग त्याला कुठून तरी माहीत होता आणि कुठून ते आठवेना. जिना उतरताना, कुठल्याशा पायरीवर, आठवलं. घराच्या बाल्कनीच्या जाळीचा रंग. उरलेला डबा बायकोनं शिलाई मशीनखाली ठेवला होता, फेकायचा नाही, लागतो कधी तरी, म्हणून. त्या जाळीला टेकून तो रोज सकाळी चहा पीत होता, आणि दर शुक्रवारी तोच रंग पायाखाली घेऊन उभा राहत होता, आणि एवढं सगळं बारीक बघणाऱ्या त्याच्या डोळ्यांना या दोन लालांची गाठ कधी घालावीशी वाटली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी म्हण आहे. ती दुसऱ्याला ऐकवताना बरी वाटते.

बायको बाल्कनीत मशीनवर होती. आजूबाजूच्या बायकांचे कपडे ती घट्ट-सैल करून देत असे, आणि तिच्या तोंडात टाचण्या असल्या की तिच्याशी बोलायचं नसतं हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तो आज बोलला. "माझ्या काविळीत फोटो तू काढलेस?" मशीनचं चाक थांबलं. तिनं एकेक टाचणी काढून मनगटावरच्या उशीत टोचली, घाई न करता. "कोणी सांगितलं? मामानं?" "सांगितलं का नाहीस?" "तुम्हाला? तुम्ही तापात शुक्रवार, शुक्रवार बडबडत होतात. सांगितलं असतं तर तसेच पिवळे डोळे घेऊन वर आला असतात मला उभं कसं राहायचं ते शिकवायला." हे खरं होतं, म्हणून तो जास्तच चिडला. "तुझ्या खुणा चुकल्या. चांगल्या हातभर चुकल्या. सगळी रांग बिघडली माझी. उद्घाटनाला खांब उड्या मारतोय पडद्यावर." तिच्या मांडीवर कुणाचातरी निळा कोट अर्धा उसवलेला पडला होता. "चुकल्या नाहीत," ती म्हणाली.

"तुमचे खळगे दिसत होते की मला. डांबर तिथे बसलं होतं खोल, बोट फिरवलं तरी कळायचं. पहिल्या शुक्रवारी तिथेच ठेवला मी स्टँड. आणि त्यातून बघितलं तर तो खांब. अगदी दाराच्या मधोमध. पत्रे होते तेव्हा दारावर, पण वरचा दगड दिसत होता, त्यावरून कळत होतं दार कुठे ते. मला वाटलं, एवढं देखणं दार, पत्रे काढले की शेवटचं दिसणार लोकांना, आणि याच्या छातीत हा खांब खुपसून का ठेवायचा? मग सरकवला. बघितलं, अजून सरकवला. दार मोकळं झालं तिथे थांबले." तिनं कोटाची शिवण अंगठ्यानं सपाट केली. "शिलाई सरळ आहे का ते लांबून बघायचं असतं. जवळून सगळी सरळच दिसते." रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि तिची पिपाणी वाजत होती. "मला वाटलं, आल्या आल्या कळेल तुम्हाला," ती म्हणाली. "पहिल्या शुक्रवारी तुम्ही गच्चीवरून घरी आलात तेव्हा मी इथेच बसले होते. म्हटलं, आता ओरडतील नाहीतर हसतील. काहीच नाही. पुढच्या शुक्रवारी पण वाट बघितली. मग म्हटलं, जाऊ दे." तिनं पाय पट्टीवर ठेवला आणि मशीन सुरू केलं.

त्याला आठवलं की पूर्वी दर शुक्रवारी तो घरी आला की ती विचारायची, "काय म्हणते तुमची इमारत?" तो म्हणायचा, आज जिना गेला, किंवा आज छप्पर उतरवलं, आणि ती म्हणायची, अरेरे, किंवा सुटली बिचारी. केव्हातरी ते विचारणं थांबलं होतं. केव्हा, ते त्यानं टिपलं नव्हतं. उलट त्याला बरं वाटलं होतं थोडं, रोज रोज काय सांगायचं. आता ते केव्हा थांबलं हे त्याला अचूक कळत होतं. आणि सगळ्यात वाईट गोष्ट तिनं सांगितलीच नव्हती, तिला माहीतही नसेल. 'दार'. त्याचा तो एक फोटो. पत्रे निघाले, भिंती पाडल्या, आणि एका शुक्रवारी सगळ्या इमारतीतली फक्त दाराची दगडी चौकट उभी होती, दोन्ही बाजूंना मोकळं आभाळ, आत आभाळ, पायऱ्या चढून जायचं तर कुठे जायचं कळू नये असं. तो फोटो मोठा होऊन कुलगुरूंच्या दालनात लागला होता, विद्यापीठाच्या कॅलेंडरवर आला होता. लोक विचारत, कसा काय हो मिळाला? आणि तो खांदे उडवून म्हणत असे, "काही नाही, मी आपला तिथेच उभा होतो." किती वेळा म्हणाला होता! दर वेळी थोडा थांबून, शेवटच्या शब्दावर जोर देऊन. खळग्यांवर उभा असता तर त्या आभाळाच्या मधोमध एक दिव्याचा खांब आला असता, वर सरकारी बल्ब.

पुढचे दोन-तीन दिवस तो रागावलेला होता. कुणावर ते सांगता आलं नसतं. तिच्यावर रागवावं तर तिनं शोधलेल्या जागेवर तो इतकी वर्षं उभा राहून नाव कमावत होता. स्वतःवर रागवावं तर कशाबद्दल, आजारी पडल्याबद्दल? मधूनच त्याला मोठ्यानं हसावंसं वाटे आणि हसू येत नसे. घरात तिच्या हालचालींकडे तो नव्यानं बघू लागला. ती बशा फळीवर ठेवताना एक जरा पुढे ओढायची. पडदा ओढल्यावर दोन बोटं आत सरकवायची. बाहेर पडताना त्याच्या शर्टाची कॉलर, न विचारता, न बघता, सारखी करायची. म्हणजे हे घरही असंच कुणीतरी रोज थोडं थोडं सरकवून नीट ठेवलेलं होतं आणि तो समजत होता ते आपोआप जागच्या जागी असतं. आईचा आरसा आठवला. आई विचारायची, इथे? आणि ठोकायची तिला हवा तिथेच. आता त्याला पहिल्यांदा वाटलं, तिला ठाऊक होतं की आरशात सगळ्यांचे चेहरे मावायला हवेत. त्याला फक्त स्वतःचा दिसत होता.

शुक्रवारी तो गच्चीवर गेला, आणि नवीनच काही केलं. आधी चाकूच्या पात्यानं डांबर खरवडलं. हाताला चटके बसले, नखांत काळं गेलं, पण खळगे मिळाले, आत पांढरा रंग अजून दातासारखा स्वच्छ. स्टँड तिथे ठेवून बघितलं. नव्या इमारतीचं काचेचं दार आणि त्याच्या बरोब्बर मधोमध खांब. मग स्टँड उचलून लाल खुणांवर ठेवला. दार मोकळं. पुन्हा तिकडे, पुन्हा इकडे. खाली एक मुलगा हातात समोसा की काय घेऊन त्याच्याकडे मान वर करून बघत होता, बगळ्याला आज काय झालं म्हणून. लाल खुणांवरून बघताना त्याला दाराच्या वर काचेत काहीतरी दिसलं. बारीक, उभं, काळपट. त्यानं लेन्स जवळ आणली. काचेत ग्रंथालयाची गच्ची पडली होती, कठडा, आणि कठड्यावर एक पाय टेकून वाकलेला कुणीतरी. काचा बसल्यापासूनच्या सगळ्या फोटोंत तो असणार, फ्रेम रिकामी होण्याची वाट बघत. त्याला आता हसू आलं, ते आवरेना इतकं आलं, आणि त्यानं त्या मुलाला हात हलवून दाखवला. मुलानंही हलवला. त्याच क्षणी त्यानं बटण दाबलं. मुलगा फोटोत आला, समोशासकट.

कुलसचिवांच्या खोलीत फिल्मवाल्या बाई आधीच बसल्या होत्या. "झटका नको असेल तर मार्ग आहे," त्या म्हणाल्या, "जुने फोटो नव्यांना जुळवून घेते, खांब पुसून टाकते. कुणाला पत्ता लागणार नाही." कुलसचिव खुर्चीत मागे रेलले. "मग करून टाका ना सरळ. एवढं काय त्यात? उद्घाटनाला खांब नाचवायचा आहे का आपल्याला?" कुणाला पत्ता लागणार नाही हे खरं होतं. पाटी तयार होत होती. गप्प बसलं की झालं, आणि गप्प बसणं त्याला छान जमे, वर्षानुवर्षं जमत आलं होतं. "झटका राहू द्या," तो म्हणाला. "आणि पाटीवरची ती ओळ काढा. खोटी आहे. मी दोन जागांवर उभा होतो." कुलसचिव पुढे झुकले. "अहो, पण तेच तर विशेष आहे त्यात! ते काढलं तर राहिलं काय?" "फोटो राहिले," तो म्हणाला. "आणि फिल्मच्या शेवटी छायाचित्रं म्हणून माझं नाव आहे, तिथे अजून एक नाव येईल. दुसरी जागा त्यांची आहे. 'दार' तिथूनच निघालाय." "कोण त्या? कर्मचारी आहेत आपल्या?" "नाही. माझी बायको." कुलसचिवांनी पेन टेबलावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. फिल्मवाल्या बाईंनी त्यांच्याकडे न बघताच नाव विचारून कागदावर लिहून घेतलं, आणि स्पेलिंग बरोबर आहे ना म्हणून त्याच्यापुढे धरलं. ओळ गेली. पितळेवर नुसतं त्याचं नाव उरलं आणि खाली बरीच मोकळी जागा, ती कारागिरानं एका वेलबुट्टीनं भरली. त्याला वाईट वाटलं. वाटणार नाही असं त्यानं समजलं होतं, पण वाटलं, चांगलं दोन दिवस.

उद्घाटनाला ती आली. यायचं नाही म्हणत होती, तीन कोट द्यायचे आहेत म्हणत होती, पण आली. नव्या इमारतीच्या सभागृहाला रंगाचा आणि नव्या गालिच्याचा वास होता. भाषणं झाली. फिल्मच्या शेवटी येणाऱ्या तिच्या नावाचं त्यानं तिला काही सांगितलं नव्हतं, सांगायला गेला की दुसरंच काहीतरी बोलायचा. दिवे मालवले आणि पडद्यावर जुनी इमारत आली, काळी, बुटकी, पायऱ्या झिजलेली, आणि दारासमोर खांब. त्याचे सगळे शुक्रवार भराभर जाऊ लागले. छप्पर उतरलं. पत्रे आले. तो खुर्चीत पुढे सरकला. आता. शेजारी ती पर्स उघडून आत हात घालून काहीतरी चाचपत होती. खांबानं उडी मारली. मागून कुणीतरी "हललं, हललं" म्हणालं, एक-दोघं हसले, वॉचमननं छत्री उघडली, मुलीनं नाडी बांधली, कुत्रं आलं आणि गेलं. "अगं, बघ," त्यानं तिच्या हाताला हात लावला. "काय? थांबा हो, चष्मा सापडेना माझा. काय झालं?" पडद्यावर माणसं संपली होती. त्यानं ओळखावी म्हणून तिनं जिची वाट बघितली ती जागा समोरून येऊन गेली होती आणि ती पर्समध्ये बघत होती. आता दोघांची फिट्टंफाट, असं त्याला वाटलं, आणि मग वाटलं, नाही, तिनं जास्त वाट बघितली. "काही नाही," तो म्हणाला. "पुढे बघ. दार येईल आता." चष्मा सापडला. तिनं तो पदराच्या टोकानं पुसला आणि नाकावर बसवला. भिंती उतरत होत्या, धूळ, मग उजेड, आणि मग दार आलं, एकटं, दोन्ही बाजूंना आभाळ घेऊन. तिनं मान जरा तिरकी केली, शिवण सरळ आहे का बघताना करते तशी.

"खांब आला नाही मध्ये," ती म्हणाली.

"नाही आला," तो म्हणाला.